किटली बेट आणि न दिलेला कागद

जायचं होतं खरं कॅरिबियनला. अक्षता आणि तिचा नवरा शंतनु दोन वर्षं त्याच तयारीत होते. पाठीवर टाक्या बांधून दोघांनी अख्खा हिवाळा हॅमिल्टनच्या एका तरणतलावाच्या तळाशी घालवला, स्कूबाचं सर्टिफिकेट मिळवलं आणि मिसिसागाच्या आपल्या काँडोत फ्रिजवर तिथल्या एका बेटाचा नकाशा लावला. तिथे शिडाची होडी भाड्यानं घ्यायची, शंतनुच्या सूर्यकांतकाकांनी ती हाकायची आणि कोमट निळ्या पाण्यात आठवडाभर डुबक्या मारायच्या, असा बेत होता. २०१७च्या सप्टेंबरात एकामागून एक चक्रीवादळं आली आणि त्या बेटावर धड छप्पर उरलं नाही. तिथल्या माणसांच्या डोक्यावर पत्रा नसताना आपली सुट्टी बुडाली म्हणून हळहळणं अक्षताला शोभेना. तिनं नकाशा काढून ठेवला.

सूर्यकांतकाका मात्र असे गप्प बसणारे नव्हते. मूळचे धुळ्याचे; समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. पण हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यांनी शिडाचा नाद लावून घेतला, आणि आता निवृत्तीनंतर मिल्टनच्या घरापेक्षा ते आपल्या सत्तावीस फुटी होडीतच जास्त सापडत. होडीला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं, 'विजयालक्ष्मी'.

"कॅरिबियन कशाला हवंय? आपल्या सरोवराचा जॉर्जियन बे काय वाईट आहे?" काका म्हणाले. "किटली बेटाजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीची शिडाची नौका बुडालीय. गोड्या, थंड पाण्यात लाकूड कुजत नाही गं. तिचं सुकाणूचं चाक अजून जागच्या जागी उभं आहे म्हणतात. तुम्ही दोघं खाली जा, मला त्या चाकाचा व्हिडिओ आणून द्या. मी आपला वर स्नॉर्केल लावून तरंगतो." डॉक्टरांनी काकांना स्कूबाची सक्त मनाई केली होती. ते चाक निदान पडद्यावर तरी बघायचं, हे त्यांनी मनात घट्ट धरलं होतं.

सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार. मिल्टनला काकांच्या दारात गाडी भरून तयार होती. लताकाकू सगळ्यांच्या हातावर दही घालत होत्या. अक्षताच्या हातात एक कागद होता. डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी तो प्रत्येक सहलीआधी भरायला शिकवलं होतं: होडीचं नाव, रंग, माणसं किती, जाणार कुठे, परत कधी, आणि तोवर आलो नाही तर फोन कुणाला करायचा. हा कागद किनाऱ्यावर कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा त्या बाईंचा पहिला धडा होता. अक्षतानं सगळं भरलं होतं, फक्त एक जागा रिकामी होती.

"काका, आपण नक्की कुठे थांबणार? बेटाच्या कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

दह्याची वाटी काकूंच्या हातात तशीच राहिली. काकांनी बूट काढले, ते घरात परत आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "लता, पाणी आण."

"काय झालं?" अक्षताला कळेना.

"निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत गं," काकू हळूच म्हणाल्या. "कामात विघ्न येतं. मी आजवर कधी विचारलं नाही यांना. थोडं बसतील, पाणी पितील, मग निघा."

अक्षताला रागच आला. या माणसानं तीस वर्षं भट्टीचं तापमान अंशाअंशानं मोजलं होतं, आणि हा आता 'कुठे' या शब्दाला भिऊन सोफ्यावर बसून पाणी पीत होता! तिनं शंतनुकडे पाहिलं. शंतनुनं डोळ्यांनीच 'सोड ना' म्हटलं. शंतनुला सगळंच सोडून देता येत असे. तिला कधीच येत नसे.

"बेटाच्या उत्तरेला," पाणी पिऊन झाल्यावर काका म्हणाले. "दे तो कागद. हार्बरच्या ऑफिसात मी देतो. रिलॅक्स."

तिनं जागा भरली आणि कागद दिला. काकांनी घडी घालून तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी सातला 'विजयालक्ष्मी' बंदराबाहेर पडली, आणि अक्षताचा राग थोडा वेळ का होईना, निवला. दक्षिणेचा मऊ वारा शिडात भरला होता. काठावरच्या मेपलच्या झाडांत मधेच एखादं लाल झाड उभं होतं, चुनखडीच्या कड्यांखाली पाणी इतकं नितळ होतं की वीस फुटांवरचा दगड हात घालून उचलावासा वाटे, आणि काका सुकाणू धरून धुळ्याच्या गोष्टी सांगत होते. रागावलेल्या माणसालाही तो माणूस आवडावा असं त्यांचं बोलणं होतं. साडेनवाला किटली बेट दिसलं. उंच खडक, एका बाजूला तोटीसारखा पुढे आलेला सुळका. बेटाच्या उत्तरेला, वाऱ्याच्या आडोशाला, काकांनी नांगर टाकला.

सकाळी दहाची पहिली डुबकी उथळ होती, हात बसवण्यापुरती. खरी डुबकी बाराची. पाण्यात उतरण्याआधी अक्षतानं काकांना बजावलं.

"काका, आम्ही वर येईपर्यंत होडीतून हलायचं नाही. प्लीज."

"अगं हो. इथेच आहे मी."

दोघं खाली गेले. पंधरा मीटरनंतर थंडी जाड सूटच्या आत शिरली. वीस मीटरला हिरवट अंधार. आणि मग टॉर्चच्या उजेडात नौकेची कड आली, फळ्या सरळ, खिळेसुद्धा जागेवर. दोघं कडेकडेनं मागच्या टोकाकडे पोहत गेले. चोविसाव्या मीटरला शंतनुनं टॉर्च वळवला आणि चाक दिसलं. आठ दांड्यांचं, माणसाच्या छातीएवढं उंच. शंतनुनं कॅमेरा वर केला.

त्याच क्षणी त्याच्या तोंडातला, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर फुटल्यासारखा सुटला! थंडीनं आतली झडप गोठून उघडी राहिली होती. टाकीतली हवा बुडबुड्यांच्या लोंढ्यात बाहेर पडायला लागली. अक्षतानं आपला दुसरा, जादाचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात कोंबला. त्याचा पट्टा धरला. वर! हळू! अठरा मीटर. पंधरा. शंतनु थरथरत होता. अंगावरच्या तरंगण्याच्या जॅकेटातली हवा सोडायचं बटण समजून त्यानं हवा भरायचं बटण दाबलं. जॅकेट टरारलं. पट्टा तिच्या हातातून निसटला. तो बुचासारखा वर गेला.

त्याच्यामागे धावायचं नाही. बाईंनी हेही शिकवलं होतं. दोघंही आजारी पडले तर दोघांना वाचवणारं कुणी उरत नाही. पाच मीटरवर थांबायचं, तीन मिनिटं, रक्तात विरलेला वायू निवांत बाहेर पडू द्यायचा. आयुष्यात तिला इतकं जड काही गेलं नव्हतं. वर शंतनुचे पाय हलताना दिसत होते, म्हणजे तो श्वास घेत होता. एक मिनिट झालं. पाण्याचा पृष्ठभाग आता चुरगळला होता. दुसऱ्या मिनिटाला तिला होडीचं पोट दिसलं, आणि ते सरकत होतं. नांगर दगडांवरून खरवडत चालला होता. वारा फिरला होता, होडी खडकाकडे निघाली होती, मग काका काय करत होते? तिनं मान वळवली. उजवीकडे, होडीपासून चांगल्या साठ मीटरवर, काकांच्या पायांतले पिवळे फिन्स मजेत पाणी मारत होते.

पाण्याखाली ओरडता येत नाही. पण त्या तिसऱ्या मिनिटात अक्षता मनातल्या मनात जे बोलली, ते मिल्टनच्या कुठल्याही दिवाणखान्यात चाललं नसतं.

ती वर आली तेव्हा आकाश काळं होतं आणि वायव्येचा वारा शिट्ट्या घालत होता. धाडकन आवाज झाला. 'विजयालक्ष्मी' बेटाच्या उथळ खडकावर चढली होती.

तिघं पोहत होडीपर्यंत पोहोचले. आत घोटाभर पाणी होतं. फायबरच्या बुडाला हातभर चीर गेली होती. तळाशी ठेवलेल्या बॅटऱ्या बुडाल्या होत्या. इंजिन बंद, रेडिओ बंद. फोनला सिग्नल नव्हता. काकांनी चष्मा बाकावर काढून ठेवला होता, तो आदळण्याबरोबर पाण्यात गेला होता.

"दहाच मिनिटं गेलो होतो गं," काका म्हणाले. "त्या उथळ भागात एका आगबोटीचा बॉयलर पडलाय, तो बघायला."

ती उत्तर देणार होती, पण शंतनु म्हणाला, "अक्षू, माझा खांदा फार दुखतोय. आणि हाताला मुंग्या आल्यात. दोन्ही."

घाईनं वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात बुडबुडे धरतात, ते सांध्यांत अडकतात, मणक्यात अडकतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर पाय कायमचे जातात. उपचार एकच. बंदरातल्या दवाखान्यात हवेचा दाब वाढवणारी खोली होती, तिच्यात लवकरात लवकर नेणं. तिनं त्याला बाकावर आडवं केलं, ऑक्सिजनची छोटी बाटली लावली. बाटली दीड तास पुरणार होती.

"ठीक आहे," ती स्वतःला ऐकवत म्हणाली. "कागदावर सहाची वेळ लिहिलीय. सहाला आपण आलो नाही की हार्बरवाले कोस्ट गार्डला कळवतील. बेटाची उत्तर बाजू लिहिलीय. फार तर सात."

काकांनी ओल्या अंगावर आपलं जॅकेट चढवलं होतं. त्यांचा हात जॅकेटच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

अक्षतानं त्या हाताकडे पाहिलं.

"काढा बाहेर," ती म्हणाली.

त्यांनी कागद काढला. घडी तशीच होती.

"मी देणार होतो. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. मग वाटलं, आधीच तू निघताना विचारलंस, आता वर कुठे चाललो ते लिहून लोकांच्या हातात... मनाला बरं वाटेना."

"मनाला बरं वाटेना," अक्षता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण शंतनुनं बाकावरून मान उचलली. "तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून माझा नवरा इथे पांगळा होणार? तुम्ही मोठे, म्हणून मी सोफ्यापाशी गप्प राहिले. तुम्ही मोठे, म्हणून ऑफिसात जाऊन खात्री केली नाही. होडीतून हलू नका म्हटलं, तर तेही वर प्लीज लावून म्हटलं. काका, या जगात आत्ता एका माणसाला तरी माहीत आहे का आपण कुठे आहोत?"

"नाही," काका म्हणाले. लाटेनं होडी पुन्हा एकदा खडकावर आपटली.

"मग आता मी सांगेन ते करायचं."

"सांग," काका म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं, एवढं मात्र तिला कबूल करावं लागलं.

अक्षतानं उशा आणि स्लीपिंग बॅग चिरेत कोंबल्या. वर फळी, फळीवर पाय. पण होडी निघणार कशी? ते काकांना माहीत होतं. होडी एका कुशीवर कलती केली की तिच्या पोटाखालचा जड कणा खडकावरून उचलला जातो. शिडाच्या तळाची आडवी काठी त्यांनी पाण्यावर बाहेर ढकलली आणि हा त्रेसष्ट वर्षांचा, चष्मा नसलेला माणूस तिच्यावर पोटावर सरपटत थेट टोकाला गेला. खाली लाटा त्यांचे पाय भिजवत होत्या. होडी कलली. नांगर पुढे कुठेतरी दगडांत अडकला होता. अक्षतानं त्याचा दोर चक्रीवर घेतला. ओढ! दोर ताणला. ओढ! तळहाताची साल निघाली. होडी हलेना. एक मोठी लाट आली. आता! ओढ! खालून करकर आवाज आला, आणि 'विजयालक्ष्मी' सुटली!

तिनं काकांना काठीवरून आत खेचलं. चाकूनं नांगराचा दोर कापला. छोटं शीड वर. दोन वाजले होते.

"बंदर बारा मैल," काका धापा टाकत म्हणाले. "तीन तास लागतील. आत भरणारं पाणी बघता तेवढी टिकणार नाही ही. पण शनिवारची फेरीबोट पावणेचारला खाडीतून जाते, बरोबर पावणेचारला. तिच्या वाटेपर्यंत पाच मैल आहेत. ती गाठली तर शंतनु वाचला. चुकली तर मग संध्याकाळीच पुढची."

सुकाणू अक्षताकडे आलं, कारण काकांना चार हातांपलीकडे सगळं धूसर होतं. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून बादलीनं पाणी उपसू लागले. मागून येणाऱ्या लाटा होडीला उचलत, पुढे फेकत. काका पाणी उपसता उपसता कानांनीच लाट ओळखत: "मोठी आली. सरळ धर. सरळ. आता सोड." ती धरत होती, सोडत होती. रागानं तिचा जबडा आवळला होता आणि तो राग तिच्या हातांना उपयोगी पडत होता. भीती वाटायला तिच्याकडे जागाच नव्हती.

अडीच वाजले. ऑक्सिजन संपला.

"डावा पाय जाणवत नाही," शंतनु म्हणाला.

"बोलत राहा माझ्याशी."

"चाक बघितलंस?"

"बघितलं."

"शूट नाही झालं, यार."

"खड्ड्यात गेलं ते चाक," अक्षता म्हणाली, आणि तो बारीकसा हसला.

सव्वातीन. काकांचा उपसण्याचा वेग मंदावला होता, पाणी बाकाच्या कडेला आलं होतं. काकांनी बादली थांबवली, डोळे बारीक केले, समोर बघितलं. काही दिसेना. आणि मग त्यांनी विचारलं.

"अक्षता, कुठे आहोत आपण?"

तिनं दोन्ही बाजू न्याहाळल्या. मग म्हणाली, "डाव्या हाताला पांढरा दिवा. समोर दोन कडे, मधे मोकळं पाणी."

"म्हणजे वाटेवर आलोच. आता आपण दिसायला हवं त्यांना. लाटांत पांढरी होडी दिसत नाही."

दिसेल असं काहीतरी तिच्याकडे होतं. पाणबुड्यांची खुणेची नळी, माणसाहून उंच, भडक नारिंगी. तिनं तोंडानं हवा भरली, गाठ मारली, शिडाच्या दोरीला बांधली आणि डोलकाठीच्या टोकावर चढवली. तीन चाळीस. कड्याआडून फेरीचं पांढरं नाक बाहेर आलं. फेरी जवळ आली. समोरून जाऊ लागली. अक्षता शिट्टी फुंकत होती, काका बादली पातेल्यावर आपटत होते. फेरी थांबली नाही. अर्धी पुढे गेली. आणि मग भोंगा वाजला! एकदा, दोनदा, पाचदा! फेरी वळायला लागली.

छोटी बचावाची नाव आली. तिच्यातल्या अधिकाऱ्यानं शंतनुला उचलून घेता घेता विचारलं, तुम्ही आलात कुठून, तुम्ही इथे आहात हे किनाऱ्यावर कुणाला माहीत आहे?

अक्षतानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी काका बोलले.

"नोबडी, सर. दॅट इज माय फॉल्ट."

'विजयालक्ष्मी' त्यांच्या डोळ्यांदेखत कलली आणि शांतपणे खाली गेली. काकांनी तिकडे पाहिलं नाही. अर्थात त्यांना दिसलंही नसतं.

शंतनु साडेपाच तास दाबाच्या खोलीत होता. डॉक्टर म्हणाले, पायात जीव परत येईल, अजून दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. अक्षता दवाखान्यातल्या एका खुर्चीवर बसली होती, दोन खुर्च्या सोडून काका. साडेआठला दार उघडलं आणि लताकाकू आत आल्या. मिल्टनपासून एकट्या गाडी चालवत आल्या होत्या. काका उठून उभे राहिले.

"मला पोलिसांचा फोन आला," काकू म्हणाल्या. त्या काकांशी बोलत होत्या, पण बघत भिंतीकडे होत्या. "बाई म्हणाली, रिपोर्टसाठी हवंय, तुमचे मिस्टर कुठे जायला निघाले होते? मी म्हटलं, माहीत नाही. परत कधी येणार होते? माहीत नाही. बरोबर किती माणसं? एवढं सांगता आलं. मग ती बाई एकदम हळू आवाजात बोलायला लागली हो. तिला वाटलं असेल, या बाईला घरात कुणी काही सांगतच नाही. बरोबरच वाटलं तिला."

"लता, अगं, तू कधी विचारलंच नाहीस—"

"विचारू दिलंत तुम्ही?"

काका पुन्हा खुर्चीत बसले. अक्षताला वाटलं होतं, आज आपल्याइतकं रागावलेलं जगात कुणी नसेल. तिनं उठून काकूंना आपली खुर्ची दिली.

पुढच्या जूनमध्ये काकांनी जुनी, लहानशी एक होडी घेतली. शंतनु चालत होता; डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर होता, एवढंच. किटली बेटाचं नाव कुणी काढत नव्हतं. काकांनी दोघांना तिच्यावर सहलीला बोलावलं तेव्हा अक्षता येणारच नव्हती. राग तिच्यात तसाच होता आणि तो गेला पाहिजे असंही तिला वाटत नव्हतं. शेवटी आली ती काकूंसाठी.

काकू दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. काकांनी बूट घातले, दही घेतलं, उंबऱ्यापाशी आले आणि तिथेच उभे राहिले.

"विचार," काका म्हणाले.

काकूंनी अक्षताकडे पाहिलं. मग वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"कुठे चाललात?"

काकांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि पाठ म्हणावं तसं सगळं तोंडानंही सांगितलं: बेट कोणतं, बाजू कोणती, होडीचा रंग, माणसं तीन, रविवारी चारला परत, सहापर्यंत आलो नाही तर कुठल्या नंबरला फोन. काकूंनी कागद ओळ न् ओळ वाचला.

"चार म्हणजे चार," त्या म्हणाल्या.

"चार म्हणजे चार," काका म्हणाले. मग त्यांनी बूट काढले, आत येऊन सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं. या खेपेला अक्षतानं ते आणून दिलं.